मीच म्हणाले, पुसून टाक

आत्याच्या घशाचं ऑपरेशन ठरल्याचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये डबा खात होते. नांदेडच्या एका मुलींच्या पॉलिटेक्निकमध्ये मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. फोन आतेभावाचा होता. त्याला मी दादा म्हणते. तो लातूरच्या दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून बोलत होता आणि मागे कुणीतरी पेशंटांना नंबराने हाका मारत होतं.

"घशातली गाठ वाईट निघाली," तो म्हणाला. "स्वरयंत्रच काढावं लागतंय म्हनायलेत डॉक्टर. जीव वाचंल, पन बोलनं जाईल. कायमचं."

"आत्याला सांगितलं?"

"तिच्यासमोरच बोलले ते. ती डॉक्टरला म्हनाली, बरं, मग किती दिवस हायत माझ्याकडं बोलायला?"

दहा दिवस होते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. रेणापूरजवळच्या एका खेड्यात तिने उभं आयुष्य अंगणवाडी चालवली. यजमान लवकर वारले. दादाला तिने एकटीने वाढवलं, आणि माझ्या डिप्लोमाची तीन वर्षं मलाही. मी तिच्याकडे राहून रोज लातूरला जाऊन येऊन करत असे. सकाळची एसटी आमच्या फाट्यावर थांबेलच असं नसायचं. मग आत्या रस्त्याच्या कडेला उभी राहून ओरडायची, "ओ डायवर, थांबवा जराक! इंजिनेर यायलीय!" गाडी थांबायची. आतले सगळे माझ्याकडे बघायचे. मी खाली मान घालून चढायचे आणि खिडकीतून तिच्याकडे बघायचेही नाही, इतकी मला लाज वाटायची.

तिचा आवाज असा होता की अंगणवाडीच्या दारात उभी राहून ती दोन गल्ल्यांतली लेकरं गोळा करायची. तो वर्षभर बसत चालला होता. तिला वाटायचं, लेकरांवर ओरडून बसलाय. मिश्री लावायची तिची सवय सगळ्यांना माहीत होती. मी एकदोनदा टोकलं होतं, तेही वरवर.

फोन ठेवल्यावर डबा तसाच झाकला. दुसरं लेक्चर होतं, तेही घेतलं. पण डोक्यात एकच होतं की दहा दिवसांत तिचा आवाज साठवून ठेवता येईल. माझ्या प्रयोगशाळेच्या कपाटात आवाज साठवणाऱ्या चिपा पडून होत्या. मुली दर वर्षी त्यांच्यावर प्रोजेक्ट करायच्या: बोलणारी दारावरची घंटा, बोलणारी तिजोरी. नखापेक्षा थोडी मोठी काळी चिप, तिला एक माइक, एक छोटा स्पीकर आणि तीन सेल. आत दोन मिनिटांचा आवाज मावतो आणि सेल काढले तरी तो तसाच राहतो.

मोबाईल का नाही, असं कुणीही विचारेल. आत्याकडे बटणांचा साधा फोन होता. मोठ्या पडद्याचा फोन हातात दिला की ती तो उलटा धरायची आणि म्हणायची, "हे न्हाई बाई माझ्याच्यानं." तिला दाबता येईल असं काहीतरी हवं होतं. म्हणून मी एक पांढरी प्लॅस्टिकची डबी केली आणि तिला दोन मोठी बटणं बसवली. लाल दाबलं की चिप पुढच्या वाक्यावर जाते आणि हिरवं दाबलं की ते वाक्य बोलते. झाकणाच्या आत आणखी दोन छोटी बटणं होती, एक रेकॉर्ड करायचं आणि एक पुसायचं. प्रत्येक वाक्याला वेगळं बटण देता आलं असतं, तर बरं झालं असतं. त्याला मात्र चिपला हुकूम देणारी दुसरी चिप लागते, तिचा प्रोग्राम लिहावा लागतो. मला तो लिहिता येतो. मी सोपा मार्ग धरला, कारण दिवस थोडे होते आणि पेपर तपासायचे होते.

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी मी गेले. आत्या अंगणातच बसली होती. घसा इतका बसला होता की प्रत्येक शब्द ओढून आणल्यासारखा यायचा, तरी आवाज तिचाच होता.

"आन इकडं. काय बनवून आनलंस बघू," ती म्हणाली.

मी तिला समजावून सांगितलं. दादा शेजारी बसून बघत होता. वहिनी, म्हणजे दादाची बायको, चुलीपाशी होती, पण तिचं लक्ष इकडेच होतं.

"दोनच मिनिटं?" आत्याने विचारलं. "मी तर सकाळी उठल्यापासून बोलायले. दोन मिनिटांत काय काय बसवू?"

आम्ही यादी केली. पहिलं वाक्य तिने लगेच ठरवलं: "जय भीम, या, बसा." दारात कुणी आलं तर उत्तर द्यायला हवं ना. मग "पानी दे जराक," मग "दुखायलंय मला," मग "भूक न्हाई, बळजबरी करू नको." चहाच्या वाक्याला तिने वहिनीकडे बघून डोळे मिचकावले आणि माइकजवळ तोंड नेऊन म्हणाली, "चहा टाक गं, साखर कमी. मागल्या वेळंसारखा सरबत करू नको." वहिनी हसली. "आता हे मला रोज ऐकावं लागनार का काय!" ती म्हणाली. पुढे ऐकावं लागलंच.

आठवं वाक्य अंगणवाडीचं होतं. "चला रे लेकरांनो, खाऊ झालाय, हात धुवून या." मी म्हटलं, "आत्या, आता तुला कामावर नाही जाता येणार. हे कशाला?" ती म्हणाली, "राहू दे. जागा हाय ना?" जागा होती. तिने ते वाक्य तीनदा म्हटलं, कारण पहिल्या दोन वेळा खोकला आला. तिसऱ्यांदा तिने उभं राहून, पूर्वी दारात म्हणायची तसं म्हटलं. कुंपणाबाहेरून जाणारी एक बाई थांबून बघायला लागली.

सगळी मिळून अकरा वाक्यं झाली. शेवटी एक गंमत राहिली होती. या चिपमध्ये अगदी सुरुवातीची थोडी जागा वेगळी राखलेली असते. बटण दाबलं हे कळावं म्हणून तिथे एका सेकंदाचा टिक किंवा टुक आवाज भरतात. मी आत्याला सांगितलं, लाल बटण दाबलं की वाजायला काहीतरी हवंय. ती म्हणाली, "हाव." तिकडे होला हाव म्हणतात, मी तेच भरलं. पाचवं वाक्य हवं असेल तर लाल बटण चार वेळा दाबायचं, आणि डबी म्हणायची, "हाव, हाव, हाव, हाव," आणि मग वाक्य. दादा पोट धरून हसला. आत्याही हसली, मग खोकत राहिली.

त्या दिवशी मला दोन गोष्टी करायच्या होत्या. बोर्डावर मी एक जंपर ठेवला होता, दोन पिना जोडणारं तांदळाएवढं टोपण. ते घातलं की झाकणातली दोन्ही छोटी बटणं मरतात. मग कुणालाही रेकॉर्ड करता येत नाही आणि काही पुसताही येत नाही. ते टोपण मी घालणार होते. आत्या म्हणाली, "घालू नको एवढ्यात. मंगळवारपर्यंत आजून काय आठवलं तर बोलते." मी ते टोपण कागदात बांधून डबीत टाकलं आणि दादाला रेकॉर्डचं बटण कसं दाबायचं ते दाखवलं. ऑपरेशन झालं की घाल, असं सांगितलं की नाही, ते मला आठवत नाही. दादा म्हणतो, सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत. स्पीकरच्या वायरी माझ्या लॅपटॉपला जोडून सगळी वाक्यं उतरवून घ्यायला दहा मिनिटं लागली असती. तेही नको, मोबाईल नुसता डबीशेजारी धरला असता तरी चाललं असतं. मोबाईल माझ्या हातातच होता. डबी घेऊन बसलेल्या आत्याचा मी फोटो काढला. ती छान दिसत होती. व्हिडिओ काढावा हे सुचलं नाही. मग नांदेडची गाडी गाठायची म्हणून दादाने मोटारसायकल काढली. पुढच्या वेळी प्रत घेऊ, असं मी स्वतःशी म्हटलं. प्रत आधी घ्यायची, ही माझ्या कामातली पहिली शिस्त आहे, मी ती मुलींना बोर्डावर लिहून देते.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. आत्याच्या गळ्याला खाली एक भोक ठेवलं होतं, त्यात नळी. श्वास तिथूनच. दवाखान्यात ती पाटीवर खडूने लिहायची. डबी मात्र घरी आल्यावरच तिने हातात घेतली. दादाने मला फोन लावून फोन डबीजवळ धरला. "हाव, हाव, हाव, हाव," आणि मग, "चहा टाक गं, साखर कमी." मागून वहिनीचं हसू ऐकू आलं. मी नांदेडला स्वयंपाकघरात उभी होते. मी फोन कानाशी तसाच धरून ठेवला.

पुढचे चार महिने बरे गेले. दवाखान्यातून तिला गळ्याला लावून बोलायचं एक यंत्रही दाखवलं होतं. त्याचा आवाज रेडिओ खरखरल्यासारखा यायचा. तिने ते नको म्हणून मान हलवली. तिला डबीच पुरायची. लाल बटण किती वेळा दाबायचं हे तिच्या बोटांना पाठ झालं होतं.

आणि ती अंगणवाडीत जायला लागली. हे मला वहिनीने सांगितलं. तिच्या जागी नवी सेविका आली होती. आत्या खाऊच्या वेळेला जायची, दारात उभी राहायची आणि डबी वर धरून आठवं वाक्य लावायची. "चला रे लेकरांनो, खाऊ झालाय." लेकरं पळत यायची. नव्या सेविकेला सुरुवातीला ते रुचलं नाही, मग तीच म्हणायला लागली की बाई येईपर्यंत ही लेकरं हात धुवत नाहीत. माझी एक खेप त्याच सुमारास झाली. मी स्वतः बघितलं. एक बारकी मुलगी डबीला कान लावून विचारत होती, "बाई ह्याच्यात बसल्यात का?" आत्या आवाज न करता हसत होती, खांदे हलत होते.

त्या खेपेलाही मी लॅपटॉप नेला नव्हता. जंपर कागदात बांधलेला तसाच डबीत होता, झाकण उघडून मी तो पाहिलाही. घालावा असं मनात आलं. दादा म्हणाला, "राहू दे, कवा लागलं तर." मी झाकण लावलं.

मग ती नळीची अडचण आली. गळ्यातल्या नळीत कफ साचला की आत्याला श्वास जड व्हायचा आणि तेव्हा पाटी-खडू शोधायला वेळ नसायचा. ऑपरेशनआधी हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, त्यामुळे त्याचं वाक्यच नव्हतं. आत्याने पाटीवर लिहून दादाला सांगितलं, एक वाक्य तू भर, "नळी साफ करा." दादाने शहाण्यासारखं तेच केलं. झाकण उघडलं, मी दाखवल्याप्रमाणे छोटं बटण दाबून धरलं आणि बोलला. सेल मात्र उतरलेले होते. चिप रेकॉर्ड करताना सेलवर जास्त ताण येतो. मध्येच वीज कमी पडली आणि डबीवरचा बारीक दिवा विझला. पुन्हा चालू केलं तर तो सात वेळा लुकलुकला आणि डबी काही बोलेना. हिरवं बटण दाबलं, सात वेळा. लाल दाबलं, सात वेळा.

दादाने मला फोन केला. त्या दिवशी कॉलेजमध्ये प्रॅक्टिकल परीक्षा होती. बाहेरून आलेले परीक्षक आत तोंडी परीक्षा घेत होते आणि मी दाराजवळच्या टेबलावर एका मुलीचं सर्किट का चालत नाही ते बघत होते. फोन दोनदा वाजला म्हणून मी व्हरांड्यात गेले.

"डबी बिघडली गं," तो म्हणाला. "नुसता दिवा लुकलुकायलाय. सात-सात वेळा."

सात वेळा म्हणजे काय, हे मला पाठ होतं. ही चिप वाक्यं एकामागे एक लावून ठेवते आणि चालू झाली की आधी ती रांग नीट आहे का ते तपासते. रांग तुटलेली दिसली की ती काहीही ऐकत नाही. मग फक्त एकच बटण चालतं, पुसायचं. पुस्तकात तसंच लिहिलंय आणि मी मुलींना तसंच शिकवत आले होते.

"दादा, सेल नवे घाल," मी म्हटलं. "मग झाकणात दुसरं छोटं बटण आहे ना, ते दाबून धर. दिवा पुन्हा सात वेळा लागेल आणि मग डबी सरळ होईल."

"ते पुसायचं न्हाई का?"

"हो."

तो म्हणाला, "सगळं जाईल का?"

आतून परीक्षकांनी मला हाक मारली. मी म्हटलं, "दादा, ते आता तसंही गेलंच आहे. पुसून टाक. मी येऊन नव्याने काहीतरी करते."

"नक्की ना?"

"नक्की."

मी आत गेले. त्या मुलीच्या सर्किटमध्ये एक वायर निसटली होती.

अर्ध्या तासाने त्याचा पुन्हा फोन आला. आवाज बदललेला होता, घाईघाईत बोलत होता. "अगं, हाय! हाय आईचा आवाज! ऐक!" त्याने फोन डबीजवळ धरला. "हाव," डबी म्हणाली. पुन्हा, "हाव." मला लगेच कळलं. सुरुवातीची ती राखलेली जागा पुसायच्या बटणाने पुसली जात नाही. तेवढी एक सेकंदाची जागा चिपने राखली होती. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे एवढंच?" मी म्हटलं, "हो, एवढंच." मग त्याने फोन ठेवला.

पुढच्या रविवारी मी गेले. आत्या माझ्यावर चिडलेली नव्हती. तिने पाटीवर लिहिलं, "यंत्र हाय, बिघडायचंच." मीच काहीतरी करते म्हणाले होते, म्हणून वहिनीच्या आवाजात वाक्यं भरली. वहिनीने सगळी नीट म्हटली. चहाच्या वाक्याला ती अडखळली आणि म्हणाली, "आता मीच मला हुकूम सोडनार." कुणी हसलं नाही. जंपर त्या दिवशी मी न चुकता घातला. आता त्याचा काय उपयोग होता!

आत्या लाल बटण दाबायची तेव्हा तिचं स्वतःचं "हाव" यायचं आणि मग वहिनीचा आवाज. आठवडाभर तिने ते वापरलं. मग डबी कपाटात गेली. नळीसाठी वहिनीने तिला एक घुंगरू बांधलेला धागा मनगटाला बांधून दिला. आणि अंगणवाडीत जाणं तिने सोडलं. वहिनीने एकदा विचारलं तर तिने लिहिलं, "दुसऱ्याच्या आवाजानं लेकरं कशी बोलवू?"

इथपर्यंत मला वाईट वाटत होतं, पण ते नशिबाला बोल लावण्यासारखं होतं. सेल उतरले, वीज कमी पडली, गेलं.

पुढच्या सत्रात मुलींना तीच चिप शिकवायची होती. या वेळी एका गटाला ती कॉम्प्युटरला जोडून चालवायची होती, बटणांनी नाही. त्यासाठी मी चिपच्या माहितीपुस्तकाची मागची पानं काढली. ती मी आधी चाळली होती, पण नीट वाचली नव्हती. तिथे लिहिलं होतं की कॉम्प्युटरवरून चिपला नुसता जागेचा आकडा सांगता येतो: इथून इथपर्यंत वाजव. रांग बघायची तिला गरज नसते.

मी ते दोनदा वाचलं. मग एका चिपमध्ये एका मुलीला एक ते पन्नास आकडे म्हणायला लावले. त्यानंतर मुद्दाम उतरलेले सेल घालून वरून रेकॉर्ड करायला घेतलं. तीनचार प्रयत्नांत ती चिप बिघडली आणि दिवा सात वेळा लुकलुकला. बटणांना दाद नाही. मग वायरी जोडल्या आणि पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत वाजव म्हणून सांगितलं. मुलीचा आवाज आला. एक, दोन, तीन. मध्ये एका ठिकाणी दोन-तीन आकडे खरखरले, बाकी सगळे स्वच्छ होते. पन्नासपर्यंत.

त्या मुलीने विचारलं, "मॅडम, म्हणजे सात वेळा दिवा लागला तरी पुसायची गरज नसते?"

"नसते," मी म्हटलं.

"मग आतापर्यंत आपण पुसत का होतो?"

मी तिला सांगितलं की घंटेत आणि तिजोरीत फरक पडत नव्हता. मग मुलींना लवकर सोडलं.

दादाने मला फोन केला तेव्हा आत्याची अकरा वाक्यं त्या चिपमध्ये होती. एखादं खराब झालं असतं, दहा तरी निघाली असती. डबी तशीच ठेव, हात लावू नको, रविवारी येते, एवढं मी म्हटलं असतं तर ती वाक्यं आजही असती. दादाने तर मला दोनदा विचारलं होतं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही उशिरा सांगितलं. आत्याकडे जात राहिले. ती पाटीवर माझ्या कामाचं विचारायची, मुलींचं विचारायची. मी उत्तरं द्यायचे. दर वेळी एसटीत बसताना वाटायचं, या खेपेला सांगायचं. तिथे गेलं की वाटायचं, आता सांगून तिला काय मिळणार, उगाच जखम उघडायची. त्या विचारात माझी सोय होती, हे मला कळत होतं.

असं जवळजवळ वर्ष गेलं. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चार दिवस राहायला गेले. वहिनी आणि मी सकाळी पाण्याला गेलो होतो. परत येताना ती म्हणाली, "तुमच्या दादाला जरा समजावून सांगा. ते अजून त्या डबीचंच धरून बसलेत. माझ्या हातानं आईचा आवाज गेला म्हनत्यात. बटन मी दाबलं म्हनत्यात. आईच्या समोर बसून जेवत सुदीक न्हाईत आता. ताट घेऊन बाहेर बसत्यात."

मी घागर ओट्यावर ठेवली. मला हे कधी दिसलंच नव्हतं. दादा बाहेर जेवतो ते मी कालच बघितलं होतं आणि उकाड्यामुळे असेल असं समजले होते.

त्याच दुपारी मी सांगितलं. आत्या पत्र्याखाली बाजेवर बसून शेंगा सोलत होती. दादा रेणापूरच्या कचेरीत शिपाई आहे, शनिवारची सुट्टी होती म्हणून घरी होता. मी त्याला आत बोलावलं, वहिनीलाही. मग मी चिपचं सगळं सांगितलं, शक्य तितक्या सोप्या शब्दांत. आवाज आत होता. दिवा लुकलुकत होता तेव्हाही होता. मी पुसायला सांगितलं म्हणून गेला. दादाने विचारलं होतं आणि मी नक्की म्हटलं होतं.

"हे तुला कवा कळलं?" दादाने विचारलं.

"गेल्या पावसाळ्यात."

तो उठला, चप्पल घातली आणि बाहेर गेला. मोटारसायकल घेतली नाही, चालतच गेला.

आत्याने हातातली शेंग खाली ठेवली. पाटी घेतली. खडू बारीक होता, तिला धरायला त्रास होत होता. मी मदत करायला पुढे झाले तर तिने हाताने मागे सारलं. सावकाश लिहिलं आणि पाटी माझ्याकडे फिरवली.

"त्याला का न्हाई सांगितलंस?"

मी म्हटलं, "आत्या, मला तुला तोंड दाखवायची..." आणि थांबले. तिने पाटीवर बोट आपटलं, "त्याला" या शब्दावर. पुन्हा आपटलं. तिच्या आवाजाबद्दल तिने एक अक्षर लिहिलं नाही. तिचे डोळे भरले होते आणि ती रागावलेली होती, इतकी रागावलेली मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. ओरडता येत नव्हतं म्हणून गळ्याच्या नळीतून नुसता श्वास जोरात येत होता. वहिनीने येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला.

दादा तासाभराने आला. हातपाय धुतले. चहा झाला होता. तो आत्याच्या शेजारी बाजेवर बसला आणि तिथेच प्यायला. आत्याने सोललेले दाणे त्याच्या हातावर ठेवले. त्याने खाल्ले. माझ्याशी तो त्या दिवशी बोलला नाही.

सोमवारी मी निघाले तेव्हा फाट्यापर्यंत सोडायला तोच आला. गाडी यायला वेळ होता. मी म्हटलं, "दादा, माझं चुकलं." तो रस्त्याकडे बघत होता.

"बटनाचं सोड," तो म्हणाला. "ते तुला तवा माहीतच नव्हतं. पन वर्षभर मी आईच्या तोंडाकडं बघितलं न्हाई गं. ती दवाखान्यातून वाचून आली आन् मी तिच्याकडं बघितलं न्हाई. ते वर्ष आता कुटून आनू?"

लातूरची गाडी आली, त्याने हात दाखवून थांबवली आणि माझी पिशवी आत दिली.

आता आत्याची तब्येत बरी आहे. दादा पूर्वीसारखा आत बसून जेवतो, वहिनीने फोनवर सांगितलं. माझ्याशीही तो बोलतो, घरातलं सांगतो, बी-बियाण्याचं सांगतो. पण त्याचं काही यंत्र बिघडलं, मिक्सर, पंखा, काहीही, तर पूर्वी तो आधी मला फोन करून विचारायचा. आता करत नाही. रेणापूरच्या दुकानात नेऊन देतो.